मोजलेली लूट, न मोजलेला खून

१८०५ साली सावंतवाडीच्या गादीवर एक मूल बसलं. नाव रामचंद्र सावंत, घरात आणि दरबारात भाऊसाहेब. थोरल्या खेम सावंतांच्या विधवा राणी लक्ष्मीबाईंनी त्याला दत्तक घेतलं होतं. दोन-तीन वर्षं त्याच्या नावानं राज्य चाललं आणि मग अंथरुणातच त्या मुलाचा गळा आवळण्यात आला. गादी रिकामी ठेवून चालत नाही. फोंड सावंत राजे झाले, कागदांवर नवं नाव चढलं.

इंग्रजी अमलात तयार झालेल्या गॅझेटियरनं या खुनाला जेमतेम एक ओळ दिली आहे. तिच्या पाठोपाठ लगेच येतं ते असं: या अंदाधुंदीत बंदरांमध्ये चाच्यांचा सुळसुळाट झाला, इंग्रजांच्या व्यापाराचं फार नुकसान झालं आणि १८१२ साली फोंड सावंतांना वेंगुर्ला बंदर देऊन टाकावं लागलं. हा मजकूर मी कितीदा तरी वाचला असेन, पण त्या ओळीपाशी दर वेळी अडखळतो. पोराच्या गळ्यावरून मजकूर थेट वेंगुर्ल्याच्या धक्क्यावर जातो. मधे कोणी विचारत नाही की, मुलाला मारलं कोणी? कोणाच्या सांगण्यावरून? त्याची शिक्षा कोणाला झाली?

उलट समुद्रावर जी लूट झाली तिचा हिशेब मात्र रुपयाच्या शेवटच्या आकड्यापर्यंत मांडलेला आहे. कोणत्या सालापासूनची भरपाई, किती लाख, तारण काय, ओलीस कोण, सगळं. आमच्या किनाऱ्याचा १७६५ ते १८४५ हा काळ समजून घ्यायचा तर या दोन गुन्ह्यांना मिळालेली वेगवेगळी वागणूक पाहिली पाहिजे. ज्या गुन्ह्यातून बंदर मिळत होतं तो गुन्हा मोजला गेला. ज्यातून काही मिळणार नव्हतं तो तसाच राहिला.

आधी जागा नीट डोळ्यांसमोर आणू. आचऱ्याच्या किनाऱ्यावर दक्षिणेला तोंड करून उभं राहिलं तर पुढे मालवण. अठराव्या शतकात ते कोल्हापूरकर छत्रपतींचं. १७३१ च्या वारणेच्या तहानं सातारा आणि कोल्हापूर वेगळी झाली आणि शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये कुरटे बेटावर बांधायला घेतलेला सिंधुदुर्ग कोल्हापूरच्या हाती राहिला. आचरा त्याच मुलखातलं. गाव देव रामेश्वराला इनाम, आजही संस्थानाच्या नावाआधी ‘इनामदार’ लागतं. मालवणच्या खाली देवबागला कर्लीची खाडी समुद्राला मिळते. तिच्या पलीकडे वाडीकर सावंत. आणखी खाली गेलं की पोर्तुगीज. आणि उत्तरेला देवगड-विजयदुर्ग, तिथे आधी आंग्रे आणि १७५६ नंतर पेशव्यांचं आरमार. वारा चांगला असेल तर दोन दिवसांच्या आत गलबतानं पार करावा एवढाच हा पट्टा, आणि त्यावर चार निशाणं.

मुंबईकडे मिरी, खोबरं, तांदूळ, कापड घेऊन जाणाऱ्या शिबाडाच्या तांडेलाला या चौघांचीही भीती होती आणि चौघांचाही परवाना लागायचा. समुद्रावर परवाना घ्यायला लावायची पद्धत या किनाऱ्यावर पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात आणली. त्यांचा कार्ताझ नसेल तर जहाज आणि माल जप्त. कान्होजी आंग्र्यांनी तेच केलं, फक्त दस्तक आपलं ठेवलं. इंग्रजांनी मुंबईहून आपले पास दिले. मग मालवणकरांनी आणि सावंतांनीही आपापली दस्तकं सुरू केली. दस्तक नसलेलं जहाज पकडणं हा प्रत्येकाच्या मते आपला हक्क होता आणि दुसऱ्यानं तेच केलं की तो दरोडा. युरोपातल्या राजांचीही रीत वेगळी नव्हती. युद्धकाळात खासगी जहाजांना शत्रूचा व्यापार लुटायची सनद देणं ही तिकडची मान्य पद्धत होती आणि ती बंद करायचं १८५६ च्या पॅरिसच्या जाहीरनाम्यापर्यंत ठरलं नव्हतं.

लूट कशी व्हायची तेही पाहण्यासारखं आहे, कारण ती या खाड्यांच्या जोरावर व्हायची. गुराब म्हणजे दोन किंवा तीन डोलकाठ्यांचं, पुढच्या टोकावर तोफा रोखलेलं जहाज. मोठी गुराब तीनशे टनांपर्यंत जायची. गलबत त्याहून बरंच लहान, सहसा सत्तर टनांच्या आतलं, चाळीस-पन्नास वल्ह्यांचं. नारळी पौर्णिमेनंतर समुद्र शांत झाला की ही आरमारं बाहेर पडत. पहाटे जमिनीकडून मतलई वारा सुटतो. त्यावर खाडीतून बाहेर पडायचं आणि टेहळत राहायचं. मोठ्या तळाच्या विलायती जहाजाला आचरा, कर्ली, कोळंबच्या उथळ तोंडांतून आत येता यायचं नाही. वारा पडला की ते जहाज पाण्यावर निपचित. तेव्हा वल्ह्यांची गलबतं गुराबांना दोरानं ओढत त्याच्या पिछाडीला आणत, कारण बाजूच्या तोफा तिथे पोचत नाहीत. डोलकाठ्या आणि शिडं तोफांनी निकामी झाली की गलबतांतली माणसं तलवारी घेऊन चारही बाजूंनी वर चढायची. ही माणसं म्हणजे गाबीत, भंडारी, दालदी. उरलेले महिने मासे मारणारी, ताडीमाडी काढणारी, भात लावणारी. त्यांच्या लेखी ती छत्रपतींची नाहीतर सावंतांची चाकरी होती आणि पगार त्या चाकरीचाच मिळत होता.

तेच सावंत १७३० साली इंग्रजांचे दोस्त होते. कान्होजी नुकतेच वारले होते आणि त्यांच्या मुलांविरुद्ध दोघांनी मिळून लढायचं असा त्या वर्षी तह झाला. आंग्र्यांचं भय असेपर्यंत सावंतांच्या गलबतांविषयी मुंबईला फारसा राग नव्हता. १७५६ च्या फेब्रुवारीत ॲडमिरल वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी विजयदुर्गात तुळाजी आंग्र्यांचं आरमार जाळलं. त्या कामात पेशव्यांची फौजही इंग्रजांच्या बाजूनं होती, ही आपल्या इतिहासातली फार दुखरी जागा आहे. तुळाजी उरलेलं आयुष्य पेशव्यांच्या कैदेत राहिले. आंग्र्यांच्या मागोमाग पाळी आली ती मालवणची आणि वाडीची.

१७६५ मध्ये मुंबईहून मेजर गॉर्डन आणि कॅप्टन जॉन वॉटसन आले. हा वॉटसन वेगळा, मुंबईच्या आरमारातला. त्यांनी मालवणचा सिंधुदुर्ग घेतला आणि त्याला फोर्ट ऑगस्टस असं नाव दिलं. त्याच मोहिमेत सावंतांचा रेडीचा यशवंतगड घेतला. पण सिंधुदुर्ग घेऊन करायचं काय? तो सांभाळायला खर्च फार, उत्पन्न काही नाही आणि एवढी तटबंदी पाडायची म्हटली तरी सोपी नाही. मग पुढच्या वर्षी तो कोल्हापूरला परत विकला म्हणावा तसाच परत केला. कोल्हापूरचा कारभार तेव्हा जिजाबाई राणीसाहेबांकडे होता. संभाजी महाराज १७६० च्या अखेरीस वारले, पेशव्यांना ते राज्य खालसा करायचं होतं, आणि या बाईंनी दत्तक घेऊन ते टिकवलं होतं. त्यांच्याकडून इंग्रजांनी ३,८२,८९६ रुपये घेण्याचं ठरवलं, शिवाय यापुढे आपल्या व्यापाराला हात लावणार नाही अशी कबुली आणि त्या कबुलीबद्दल जामीन.

हा आकडा पाहा. तीन लाख ब्याऐंशी हजार आठशे शहाण्णव. गोळाबेरीज नाही. कोणीतरी टेबलाशी बसून मोहिमेचा खर्च आणि नुकसानीची बिलं ओळीनं मांडून तो काढलेला आहे.

सावंतांचं प्रकरण तर याहून गुंतागुंतीचं. रेडी सोडवायला दोन लाख द्यायचं ठरलं, पण तेवढी रोकड वाडीच्या खजिन्यात नव्हती. म्हणून वेंगुर्ल्याचा महसूल तेरा वर्षांसाठी एका सावकाराकडे गहाण टाकला, इंग्रजांनी त्या सावकाराची हमी घेतली आणि वाडीकडून ओलीस माणसं दिली गेली. पुढे ओलीस पळाले, सावकाराची वसुली होईना, मुदत सरली तरी वेंगुर्ला सुटेना. अखेर १७८० साली सावंतांनी हल्ला करून आपलंच गाव परत घेतलं. मुंबईच्या दफ्तरात ही आणखी एक आगळीक झाली. वाडीच्या बाजूनं पाहिलं तर गहाणाची मुदत संपली होती.

विजयदुर्गच्या पाण्यातली एक घटना इथेच सांगायला हवी, कारण गुन्हा आणि युद्ध यांच्यातली रेघ किती पातळ होती ते तिच्याइतकं दुसरं काही दाखवत नाही. १७८२ मध्ये सालबाईचा तह होऊन मराठे-इंग्रजांची लढाई थांबली. १७८३ च्या एप्रिलमध्ये मुंबईच्या आरमाराचं ‘रेंजर’ नावाचं जहाज मुंबईहून दक्षिणेकडे, हैदरच्या मुलाविरुद्ध लढणाऱ्या फौजेकडे, चाललं होतं. त्यावर कर्नल मॅक्लाउड आणि कर्नल हंबरस्टन यांच्यासारखे मोठे अधिकारी होते. पेशव्यांच्या आरमाराचे सुभेदार आनंदराव धुळप यांनी ते गाठलं. लढाई घनघोर झाली, जहाज पकडून विजयदुर्गात आणलं गेलं, आणि जखमी हंबरस्टन तिथेच महिनाअखेर वारला. इंग्रजांनी ओरड केली की तह झाल्यावर हे केलंत, म्हणजे हा सरळ दरोडा. धुळपांच्या घरी हीच लढाई पराक्रम म्हणून सांगितली गेली. तहाची बातमी समुद्रावर कधी पोचायची? वाटेत दस्तक दाखवलं का, निशाण उतरवलं का? या प्रश्नांची उत्तरं द्यायला दोघांच्याही वरचं न्यायालय नव्हतं. पेशवा हा मोठा धनी होता, त्याच्याशी इंग्रजांना नुकताच केलेला तह टिकवायचा होता, म्हणून ते प्रकरण बोलणीवर मिटलं. धुळपांना कोणी चाचा ठरवून विजयदुर्ग मागितला नाही.

मालवण आणि वाडीला ही सवलत नव्हती. त्यांच्या मागे उभा राहणारा कोणी नव्हता, आणि दोघंही एकमेकांशी लढून दमलेले होते. त्या लढायांचं एक कारण ऐकून आज वाईट वाटतं. १७६३ मध्ये खेम सावंतांचं लग्न जयाप्पा शिंद्यांच्या मुलीशी, म्हणजे लक्ष्मीबाईंशी झालं. शिंद्यांच्या वजनानं दिल्लीच्या बादशहाकडून सावंतांना ‘राजेबहादूर’ किताब आणि मोरचेलाचा मान मिळाला. कोल्हापूरला तो खपला नाही. आपल्या शेजारच्या देसायानं मोरचेल ढाळून घ्यायचे म्हणजे काय! त्यावरून कोल्हापूरची फौज वाडीत उतरली, किल्ले घेतले, आणि ते शिंद्यांनी मध्ये पडून परत देववले. डिचोली, सत्तरी १७८१-८२ मध्येच पोर्तुगीजांकडे गेली होती. या झटापटीत मदत मिळवायला सावंतांना त्यांचंच दार ठोठावावं लागलं आणि १७८८ मध्ये पेडणेही गोव्याकडे गेलं. आज गोव्याच्या नकाशावर जो नवा मुलूख म्हणून दाखवतात, त्यातला हा उत्तरेकडचा भाग वाडीचा होता.

दुसरीकडे मुंबईचा हिशेब चालूच होता. १७९२ साली कोल्हापूरवर पुन्हा मोहीम निघायच्या बेतात आली. ती टाळण्यासाठी कोल्हापूरनं तह केला: १७८५ पासून व्यापाऱ्यांचं जे नुकसान झालं त्याची भरपाई, आणि मालवणला व कोल्हापूरला इंग्रजांची वखार. सात वर्षांची थकबाकी, व्यापारीनिहाय दावे. हे सगळं चालू असताना १८०३ मध्ये थोरले खेम सावंत अठ्ठेचाळीस वर्षांच्या कारकिर्दीनंतर वारले. मुलगा नव्हता.

इथे परत त्या पोराकडे येऊ. राजाला चार राण्या, भाऊबंदांची अनेक घराणी, सरंजामदार, किल्ल्यांवरचे हवालदार, प्रत्येकाजवळ शे-दोनशे माणसं. गादी कोणाची यावर दोन वर्षं भांडण चाललं आणि १८०५ मध्ये लक्ष्मीबाईंनी भाऊसाहेबाला मांडीवर घेतलं. दत्तकाचा अर्थ त्या काळी सगळ्यांना ठाऊक होता. मूल वयात येईपर्यंत शिक्के ज्याच्या हाती, राज्य त्याचं. म्हणून मुलाचा जीव हीच राजकारणातली सर्वांत मोलाची वस्तू झाली. कोल्हापूरची फौज दाराशी होतीच. तिला हटवायला निपाणकरांना बोलावलं गेलं, आणि मदतीला आलेल्या पाहुण्यालाही मुलूख हवाच होता. अशा घरात एक लहान मूल झोपलेलं आहे. त्याच्या भोवती दाया, कुळंबिणी, पहारेकरी. बाहेरचा माणूस तिथवर पोचत नाही. गळा आवळणारे हात घरातलेच, किंवा घरातल्यांनी दार उघडून आत घेतलेले.

त्या काळात न्याय नव्हता असं नाही. आमच्या गावऱ्हाटीत बारापाचाचे मानकरी बसून तंटे तोडत. सीमेचा, वतनाचा वाद सुटेना तर देवळात दिव्य करायला लावत. उकळत्या तेलातून धातूचा तुकडा हातानं काढायचा, मग हाताला पिशवी बांधून शिक्का मारायचा आणि काही दिवसांनी ती सोडून हात पाहायचा, ही रवादिव्याची पद्धत मराठी कागदपत्रांतून जागोजाग भेटते. नारळीच्या एका झाडावरून माणसं शपथेवर उभी राहायची. राजाच्या मुलाच्या बाबतीत मात्र दिव्य कोणी कोणाला सांगायचं? न्याय ज्याच्या नावानं व्हायचा तोच मारला गेला होता, आणि ज्यांच्या हाती शिक्के आले त्यांना चौकशी नको होती.

मुंबईला ती हवी असती तर करता आली असती. पुढे याच दरबाराकडून त्यांनी बंदर घेतलं, आरमार घेतलं, किनारा घेतला. पण १८१२ च्या तहात वाडीकडून मागितलं गेलं ते वेंगुर्ला आणि लढाऊ गलबतं. त्याच वर्षी १ ऑक्टोबरला कोल्हापूरशी तह झाला. मालवण, सिंधुदुर्ग आणि त्याच्या भोवतीचे किल्ले इंग्रजांना, त्या बदल्यात बाहेरच्या हल्ल्यापासून कोल्हापूरचं संरक्षण. भाऊसाहेबाच्या खुनाचा या व्यवहारात काही संबंध नव्हता. वाडीशी करार झाल्यावर थोड्याच दिवसांत फोंड सावंत वारले आणि त्यांचा आठ वर्षांचा मुलगा, धाकटा खेम सावंत, गादीवर बसला. पुन्हा मूल, पुन्हा पालक. या वेळी शिक्के थोरल्या खेम सावंतांच्या विधवा राणी दुर्गाबाईंकडे.

मालवण ताब्यात घ्यायला आणि तिथले चाचे मोडायला पाठवलेला अधिकारी होता कर्नल लायोनेल स्मिथ. हे नाव लक्षात ठेवण्यासारखं आहे. तीनच वर्षांपूर्वी, १८०९ मध्ये, हाच स्मिथ मुंबईहून फौज घेऊन इराणच्या आखातात गेला होता आणि रास अल खैमा इथली कासिमी अरबांची जहाजं त्यानं जाळली होती. आरोप तोच, चाचेगिरीचा. याला योगायोग मानायला मी तयार नाही. पुढे १८१९ मध्ये तेच पुन्हा घडलं. दुर्गाबाईंचा कल बाजीरावाकडे होता आणि वाडीतली बंडाळी इंग्रज मुलखात उतरत होती, म्हणून सर विल्यम ग्रँट कीर सैन्य घेऊन आला, त्यानं निवती आणि रेडीचा यशवंतगड घेतला आणि फेब्रुवारीत तह केला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात हाच कीर रास अल खैमावर चालून गेला आणि १८२० च्या जानेवारीत तिथल्या शेखांकडून समुद्री तहावर सह्या घेतल्या. मुंबईच्या गोदीतून निघणारी तीच जहाजं, तेच अधिकारी, तसाच आरोपपत्राचा मजकूर. एकदा कोकणासाठी, एकदा आखातासाठी. तिकडच्या किनाऱ्याला इंग्रजांनी चाच्यांचा किनारा असंच नाव दिलं होतं. शारजाचे शासक सुलतान बिन महंमद अल कासिमी यांनी १९८६ मध्ये ‘द मिथ ऑफ अरब पायरसी इन द गल्फ’ हे पुस्तक लिहून आपल्या पूर्वजांवरचा तो शिक्का खोडायचा प्रयत्न केला. त्यासाठी त्यांनी मुंबईचीच दफ्तरं वापरली. आमच्या गाबीत-भंडाऱ्यांच्या पूर्वजांवरचा शिक्का अजून तसाच आहे. तो सरसकट खोटा आहे असं मी म्हणणार नाही. गलबतं लुटली गेली, गरीब तांडेल बुडाले, माणसं मेली. पण त्यांची बाजू मांडणारं वकीलपत्र कोणीतरी घ्यायला हवं, आणि ते मालवणी मुलखातून घेतलं जावं असं मला मनापासून वाटतं.

मधल्या काळात लढाईची झळ आचऱ्याच्या अगदी शेजारी लागली. मसुऱ्याला कालावलच्या खाडीच्या एका काठावर भरतगड, समोरच्या काठावर भगवंतगड. एक मूळचा वाडीकर सावंतांचा, दुसरा त्याच्यावर नजर ठेवायला बावडेकर पंत अमात्यांनी बांधलेला. मधे खाडी, आणि दोन्ही गडांवरची माणसं एकमेकांचे दिवे बघत पिढ्यान्‌पिढ्या राहिली. भरतगड पुढे कोल्हापूरकडे गेला होता, तो दुर्गाबाईंनी निवतीसह परत घेतला. आता कोल्हापूरच्या रक्षणाची हमी इंग्रजांनी दिलेली असल्यामुळे हे साधं भाऊबंदकीचं भांडण उरलं नव्हतं. फौज आली आणि १८१३ मध्ये भरतगड कोल्हापूरला देववला गेला. शंभर वर्षं या दोन काठांमध्ये जे वैर चाललं ते एका सहीच्या कागदानं बेकायदा ठरलं. दुर्गाबाईंविषयी इंग्रजी लिखाणात हट्टी, भांडखोर असाच सूर आहे. मला त्या तशा दिसत नाहीत. नवऱ्याच्या माघारी, सावत्र वारसांच्या रांगेत, चारही बाजूंनी लचके तोडले जात असताना जुने किल्ले परत मागणारी ती बाई होती. १८१९ च्या मोहिमेच्या सुमारास त्या वारल्या आणि तहावर सही करायचं काम सावित्रीबाई आणि नर्मदाबाई या उरलेल्या दोन राण्यांवर आलं.

त्या तहातली कलमं अशी: वाडीनं इंग्रजांचं वर्चस्व मान्य करायचं, दुसऱ्या कोणत्याही राज्याशी परभारे बोलणी करायची नाहीत, कर्लीपासून पोर्तुगीज हद्दीपर्यंतचा सगळा किनारा द्यायचा, आणि इंग्रज मुलखात गुन्हा करून आलेल्यांना इंग्रजांच्या हवाली करायचं. या शेवटच्या कलमानं गुन्हेगार म्हणजे कोण हे ठरवण्याचा अधिकार मुंबईकडे गेला. किनारा गेल्यावर गलबतांना घाट उरला नाही. ज्या घरांनी आरमारावर पिढ्या काढल्या त्यांतले काही मुंबईच्या जहाजांवर खलाशी झाले, बाकीचे जाळ्याकडे वळले.

दोन वर्षांनी कोल्हापुरातही राजवाड्यात खून झाला. १८२१ मध्ये आबासाहेब छत्रपतींना मोहिते घराण्यातल्या एका सरदारानं मारलं. त्याची जमीन महाराजांनी काढून घेतली होती. आबासाहेब स्वभावानं मवाळ, इंग्रजांशी त्यांचं चांगलं होतं. पेशव्यांविरुद्धच्या युद्धात मदत केली म्हणून चिकोडी आणि मनोळी त्यांना परत मिळाली होती. इथे मारेकरी कोण, कारण काय, हे सगळं उघड होतं, तरी परिणाम वाडीसारखाच झाला. तान्हा मुलगा गादीवर आला, वर्षभरात तोही गेला, आणि भाऊ बावासाहेब छत्रपती झाले. त्यांनी शेजाऱ्यांच्या मुलखात इतकी लूटमार केली की १८२६ ते १८२९ मध्ये इंग्रज फौज तीनदा आली आणि प्रत्येक वेळी नवा, आधीपेक्षा कडक तह झाला. शेवटी कारभारी कोण असावा तेही इंग्रजांनी ठरवायचं, इथपर्यंत गोष्ट आली. वाडीत धाकटे खेम सावंत मोठे झाले पण बंडाळी आवरेना, म्हणून १८३८ मध्ये त्यांनी कारभारच इंग्रजांकडे सोपवला.

१८४४ मध्ये या सगळ्याचा स्फोट झाला. सुरुवात कोल्हापूरकडून, सामानगड आणि भुदरगडच्या गडकऱ्यांनी केली. किल्ल्याची राखण ही त्यांची वंशपरंपरेची चाकरी आणि त्याबद्दल मिळालेल्या जमिनी. नव्या व्यवस्थेत त्या जमिनी मामलेदाराच्या अखत्यारीत गेल्या. त्यांनी दरवाजे लावून घेतले. वणवा घाट उतरून वाडीत आला. मनोहर आणि मनसंतोष हे जोडकिल्ले बंडवाल्यांचे झाले. फोंड सावंत तांबुळकर हे मोठे सरदार आपल्या मुलांसह उठले आणि त्यांना येऊन मिळाला तो खुद्द युवराज, खेम सावंतांचा मुलगा अण्णासाहेब. लहान वयाचा हा राजपुत्र मनोहरगडावर गेला तेव्हा त्याच्या नावानं गावोगावचा महसूल मागितला जाऊ लागला. कर्नल जेम्स औट्रम सैन्य घेऊन सह्याद्रीच्या जंगलात शिरला. १८४५ च्या जानेवारीत मनोहर-मनसंतोष पडले, वरच्या वाटा फोडून टाकल्या गेल्या आणि बंडातले पुढारी तेरेखोल ओलांडून गोव्यात गेले.

मग दोन सरकारांमध्ये पत्रापत्री सुरू झाली. इंग्रजांचं म्हणणं, हे दरोडेखोर आणि बंडखोर आहेत, आमच्या हवाली करा. पोर्तुगीजांचं म्हणणं, हे आश्रयाला आलेले आहेत. त्यांनी त्यांना दिलं नाही. तेच लोक, त्याच महिन्यात, नदीच्या एका काठावर फाशीला योग्य होते आणि दुसऱ्या काठावर पाहुणे. तांबुळकरांची मुलं पुढे १८५८ मध्ये गोव्यातून निसटून कारवारच्या रानात पुन्हा उठली.

अण्णासाहेबाचं काय करायचं हा प्रश्न मात्र वाडीला आणि मुंबईला बरीच वर्षं पुरला. बंडात सामील झाल्यामुळे त्याचा गादीवरचा हक्क गेला असं जाहीर झालं होतं. पण दुसरा वारस नव्हता आणि संस्थान खालसा करण्याचा मोह १८५७ नंतर सरकारनं सोडला होता. तडजोड निघाली ती १७६६ च्या सिंधुदुर्गाच्या व्यवहाराला शोभेल अशी: बंड मोडायला आलेला खर्च संस्थानानं भरून द्यायचा, नजराणा द्यायचा, आणि त्या अटीवर युवराजाचा अपराध माफ. खेम सावंत १८६७ साली वारले आणि मनोहरगडावरचा तो बंडखोर, फोंड सावंत ऊर्फ अण्णासाहेब या नावानं, सरकारच्या मान्यतेनं सावंतवाडीचा राजा झाला. दोनच वर्षं त्यांनी राज्य केलं.